गळाचा दोरा किती बारीक असावा?

उन्हाळ्याच्या सुटींत काश्मीर किंवा कुलू या प्रांतीं जाणारीं महाराष्ट्रीय कुटुंबें आज थोडीं नाहींत. पहलगामास लिद्दर नदीच्या कांठीं, किंवा कुलूच्या बाजूस तीर्थन नदीवर, एक देखावा त्यांच्या दृष्टीस पडण्याचा संभव असतो. गुडघाभर थंडगार पाण्यांत एखादा गृहस्थ उभा असतो. त्याच्या हातीं लांब, लवचिक काठी असते, आणि तिच्या टोंकापासून निघालेली पिवळी किंवा हिरवट दोरी तो डोक्यावरून पुढें-मागें फेंकीत असतो. हा गृहस्थ ट्राउट नांवाचा मासा धरीत असतो. पाहणाऱ्यास पहिला प्रश्न सुचतो तो हा, कीं एवढी ठसठशीत दोरी पाहून मासा पळून कसा जात नाहीं? या सदराकडे आलेल्या पत्रांत एका वाचकांनीं जवळजवळ हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला आहे. हिमाचल प्रदेशांत जाऊन हा छंद शिकण्याचा त्यांचा विचार आहे. दुकानांत दोऱ्यांचे नाना प्रकार पाहून ते गोंधळले आहेत, आणि 'सर्वांत बारीक तो सर्वांत चांगला' हा तेथें मिळालेला सल्ला खरा मानावा काय, असें ते पुसतात.

आमच्या वाचकवर्गांतील जीं घरें मत्स्याहार करीत नाहींत, त्यांस हा विषय परका वाटेल हें आम्ही जाणतों. कोंकणांतील व गोमंतकांतील सारस्वत वाचकांस तो तितका परका वाटणार नाहीं. गरी टाकून मासे धरण्यास तिकडे 'गरवणें' असा स्वतंत्र शब्दच आहे. परंतु ज्यांच्या चुलीवर मासा कधीं चढला नाहीं, त्यांनींही हें टिपण वाचावें अशी आमची विनंति आहे. एक तर प्रकाश, वजन आणि ताण यांचे शाळेंत शिकलेले नियम येथें एका दोऱ्यावर एकत्र येतात. दुसरें असें, कीं या छंदांत मनुष्याचा एका मुक्या प्राण्याशीं संबंध येतो, आणि तो संबंध सचोटीचा होणार कीं क्रूरपणाचा होणार, याचा निकाल पुष्कळ अंशीं दोरा निवडण्याच्या वेळींच लागून गेलेला असतो.

प्रथम या माशाविषयीं थोडें. ट्राउट हा थंड, स्वच्छ व वाहत्या पाण्यांतला मासा. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांचें पाणी त्याला सोसण्यासारखें नाहीं, म्हणून महाराष्ट्रांत तो आढळत नाहीं. तपकिरी ट्राउट हा मूळचा युरोपांतला, आणि इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे ज्याच्या कुशीवर तांबूस पट्टा असतो तो, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांतला. हिंदुस्थानांत दोन्ही पाहुणेच. तपकिरी ट्राउटचीं अंडीं काश्मिरांत आणण्याचा १८९९ सालचा पहिला प्रयत्न फसला. पुढल्याच सालीं स्कॉटलंडहून दुसऱ्यांदां अंडीं आलीं आणि श्रीनगरजवळ त्यांची पैदास सुरू झाली. काश्मिरांतून तो मासा कुलूकडे गेला. दक्षिणेंत निलगिरीच्या उंच पठारावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंद्रधनुषी ट्राउट रुजला. अर्थात् हा मासा धरण्याची विद्याही त्याच्याबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडांतूनच आली, आणि दोऱ्याचा सारा विचार मूळ तिकडचा आहे.

आतां त्या ठसठशीत दोरीकडे वळूं. ट्राउटचें मुख्य खाद्य पाण्यांत वाढणारे व पाण्यावर येऊन पडणारे किडे. त्यांची नक्कल म्हणून गळावर पिसें, लोंकर व रेशमी धागा गुंडाळून एक बनावटी माशी तयार करतात. ही माशी इतकी हलकी असते, कीं ती नुसती फेंकली तर चार हात सुद्धां जावयाची नाहीं. साध्या गळाला वजन बांधलेलें असतें आणि तें वजन आपल्यामागें दोरा ओढून नेतें. येथें उलटा प्रकार आहे. येथें दोरीलाच वजन असतें, आणि ती आपल्या टोंकाशीं असलेल्या माशीला घेऊन जाते. चाबकाची वादी जशी मुठीकडे जाड आणि टोंकाकडे निमुळती असते, तशीच ही दोरी निमुळती केलेली असते, कारण काठीनें दिलेली गति क्रमाक्रमानें टोंकापर्यंत पोंचावी आणि माशी पाण्यावर धपकन् न पडतां अलगद उतरावी. ही मुख्य दोरी बहुधा ८० ते १०० फूट लांब असते. पूर्वीं ती रेशमाची विणीत आणि तिला जवसाच्या तेलाचीं पुटें देत; दर दिवसाच्या शेवटीं ती उलगडून वाळवावी लागे, नाहीं तर कुजे. १९५० नंतरच्या दशकांत विणलेल्या गाभ्यावर प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या निघाल्या आणि ही कटकट संपली.

या दोरीचे अंक ठरलेले आहेत. १९६१ सालीं अमेरिकेंत जें प्रमाण निश्चित झालें त्याप्रमाणें दोरीच्या पहिल्या ३० फुटांचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. ४ अंकाची दोरी १२० ग्रेन, ५ अंकाची १४० ग्रेन, म्हणजे सुमारें ९ ग्राम, आणि ६ अंकाची १६० ग्रेन. काठीवरही असाच अंक छापलेला असतो. दोन्ही अंक जुळले पाहिजेत. हलक्या दोरीनें ताठ काठी वांकत नाहीं, आणि जड दोरीनें हलकी काठी मलूल होते. ट्राउटसाठीं ४ किंवा ५ अंकाची, पाण्यावर तरंगणारी दोरी घेतली, कीं नवशिक्याचें काम भागतें. मोठी नदी आणि वारा असेल तर ६ अंकाची घ्यावी. या भागाविषयीं याहून अधिक चिंता करण्याचें कारण नाहीं.

खरी चिंता पुढें आहे. या जाड दोरीच्या टोंकास सुमारें ९ फूट लांबीचा एक पारदर्शक, निमुळता दोरा जोडलेला असतो; इंग्रजींत त्यास 'लीडर' म्हणतात. त्याच्याही शेवटचा दोन-तीन फुटांचा अगदीं बारीक तुकडा म्हणजे 'टिपेट'. गळ बांधावयाचा तो या टिपेटला. पाहणाऱ्यास दिसते ती जाड दोरी, परंतु माशाची गांठ पडते ती या तुकड्याशीं. काठी हजारों रुपयांची असो, दोरी कितीही उत्तम असो, मनुष्य आणि मासा यांच्यामधील साऱ्या सांखळींतील सर्वांत दुबळा दुवा हाच, आणि तो तसा असावा अशीच योजना असते. यास्तव 'दोरा कोणता घ्यावा' या प्रश्नाचा खरा अर्थ 'हा शेवटचा तुकडा किती जाडीचा घ्यावा' असा आहे.

या तुकड्याचा इतिहास मनोरंजक आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत हा दोरा घोड्याच्या शेंपटीच्या केंसांचा असे. गळाकडे एक-दोन केंस, आणि वर जावें तसे अधिकाधिक केंस पिळून दोरा जाड करीत. आयझॅक वॉल्टन याचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला. त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानें १६७६ सालीं त्यास दुसरा भाग जोडला. पुढें रेशमाच्या किड्याच्या शरीरांतील रेशमाची पिशवी शिर्क्यांत भिजवून, ती ओढून काढलेला चिंवट तंतु वापरांत आला. स्पेनमधील मुर्सिया प्रांत या धंद्याचें माहेरघर होता. हा तंतु सुकला म्हणजे ठिसूळ होई, म्हणून गांठ मारण्यापूर्वीं तो भिजत ठेवावा लागे. १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीनें नायलॉन जाहीर केलें, आणि कांहीं वर्षांतच घोड्याचा केंस व किड्याचा तंतु हे दोन्ही इतिहासजमा झाले.

'बारीक तो चांगला' या समजुतीचें मूळ या जुन्या काळांतच सांपडतें. बारीक दोऱ्यानें व लांबून गळ टाकणें हेंच ट्राउटच्या शिकारीचें पहिलें तत्त्व, असें कॉटननें सांगितलें. गळाजवळ दोन केंसांचा दोरा असतां ज्याला २० इंचांचा ट्राउट धरतां येत नाहीं, तो मासे धरणारा म्हणवून घेण्यास पात्र नाहीं, असाही त्याचा अभिप्राय आहे. पिढ्यान् पिढ्या लोकांनीं हा अभिप्राय ध्यानांत ठेवला. परंतु त्याच वाक्यांत कॉटननें एक अट घातली होती, तिचा मात्र विसर पडला. ज्या नदींत बुडालेलीं लांकडें व शेवाळ-वनस्पति यांचा अडथळा नाहीं, अशा मोकळ्या नदीविषयींच तो बोलत होता. अट गेली आणि अभिमान राहिला. अनेक शास्त्रवचनांची जी गत होते, तीच या वचनाची झाली.

आतां आजच्या बाजारांतील अंक समजून घेऊं. टिपेटच्या रिळावर ३ एक्स, ४ एक्स, ५ एक्स असे अंक असतात. चरख्यावर सूत कातणाऱ्यांस ठाऊक असतें, कीं सुताचा अंक जसा वाढेल तसें सूत बारीक. येथेंही तसेंच. ११ या आंकड्यांतून एक्सचा अंक वजा केला, कीं एका इंचाच्या हजारांश भागांत दोऱ्याची जाडी निघते. ४ एक्स म्हणजे ७ हजारांश इंच, अर्थात् सुमारें ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स म्हणजे ६ हजारांश, सुमारें ०.१५ मिलिमीटर, ६ एक्स म्हणजे ५ हजारांश, सुमारें ०.१३ मिलिमीटर. शेवटचा दोरा आपल्या डोक्याच्या केंसाच्या दुपटीहून फारसा जाड नाहीं. जाडींतला फरक डोळ्यांस जाणवतही नाहीं, पण बळांतला फरक मोठा असतो, कारण दोऱ्याचें बळ जाडीवर नसून छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे जाडीच्या वर्गावर अवलंबून असतें. सातांचा वर्ग ४९, पांचांचा वर्ग २५. म्हणजे ४ एक्स सोडून ६ एक्स घेतला, तर जाडी दोन-सप्तमांशांनीं घटते आणि बळ मात्र जवळजवळ निम्मे होतें. रिळावर लिहिलेले बळाचे आंकडे कारखान्यागणिक बदलतात. साधारणपणें नायलॉनचा ४ एक्स दोरा पावणेतीन किलोच्या आसपास ताण सोसतो आणि ६ एक्स दीड-पावणेदोन किलो.

मग लोक बारीक दोरा घेतात तरी कां? कारण माशाचे डोळे. परंतु मासा काय पाहतो याविषयीं आपल्या कल्पना बहुधा चुकीच्या असतात. पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशास बाहेरचें जग डोक्यावरील एका वर्तुळाकार झरोक्यांतूनच दिसतें. प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या नियमानें या झरोक्याचा कोन सुमारें ९७ अंशांचा ठरलेला आहे. मासा दोन फूट खोल असेल, तर झरोक्याचा व्यास साडेचार फुटांच्या आसपास भरतो; त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला खालून आरशासारखा दिसतो. आतां ९ फुटांच्या लीडरचें मर्म ध्यानांत येईल. माशी झरोक्यांत असतां जाड दोरी त्याच्या कितीतरी बाहेर पडलेली असते. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हें, कीं ती ठसठशीत दोरी आपणांस दिसते, माशाच्या झरोक्यांत ती येतच नाहीं.

टिपेट मात्र झरोक्यांत येतो. परंतु अनुभवी लोकांचें म्हणणें असें, कीं मासा बिथरतो तो दोरा दिसल्यामुळें कमी आणि माशी अस्वाभाविक रीतीनें चालल्यामुळें अधिक. प्रवाहांत पडलेला खरा किडा पाण्याच्या गतीनें वाहत जातो. दोरा जाड व ताठ असेल, तर प्रवाह दोऱ्यास ओढतो, दोरा माशीस ओढतो, आणि पाण्यावर बारीकशी रेघ उमटवीत ती तिरपी धांवूं लागते. असा किडा ट्राउटनें जन्मांत पाहिलेला नसतो. बारीक दोऱ्याचा खरा गुण त्याचा मऊपणा होय. आणि येथेंच एक पळवाट आहे, कीं मऊपणा केवळ जाडी कमी करून येतो असें नाहीं. टिपेट फूटभर अधिक लांब ठेवला, प्रवाहाचा रोंख पाहून दोऱ्यास थोडी ढील देऊन गळ टाकला, तर ४ एक्स दोराही माशीला मोकळेपणानें वाहूं देतो. ज्याला हें कौशल्य येत नाहीं, तो ६ एक्स घेऊन आपली उणीव झांकतो आणि त्याची किंमत मासा देतो.

ती किंमत कोणती हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पाण्यांतल्या माशास पाण्यांत वजन जवळजवळ नसतेंच. म्हणून दोरा वजनानें सहसा तुटत नाहीं, तो हिसक्यानें तुटतो. अतिबारीक दोऱ्यावर मोठा मासा लागला, कीं धरणाऱ्यापुढें दोनच मार्ग उरतात. ताण दिला, तर दोरा तुटतो आणि मासा तोंडांत गळ व मागें लोंबणारा दोरा घेऊन निघून जातो. तो दोरा बुडालेल्या फांदींत अडकला, म्हणजे त्याचें पुढें काय होत असेल तें सांगावयास नको. ताण न दिला, तर मासा दमेपर्यंत, दहा दहा पंधरा पंधरा मिनिटें, त्याला नुसतें झुलवीत राहावें लागतें. अति श्रमानें माशाच्या रक्तांत आम्ल सांठतें. पुढें तो सोडून दिला आणि पोहत गेलेला दिसला, तरी कांहीं तासांनीं मरूं शकतो. पाणी उन्हानें २० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें असेल तर हा धोका फार वाढतो, कारण कोमट पाण्यांत प्राणवायु कमी असतो. पुष्कळ मंडळी मासा धरून परत सोडून देतात आणि त्यांत दया मानतात. दया खरी ठरावयाची असेल, तर मासा लवकर हातीं यावा लागतो, आणि लवकर येण्यास दोरा पुरेसा बळकट असावा लागतो. ज्यांस मासा खावयाचा आहे त्यांनाही हाच न्याय लागू. प्राण घ्यावयाचाच, तर तो रेंगाळत घेऊं नये.

यावरून जो नियम निघतो तो सोपा आहे. ज्या दोऱ्यावर माशी स्वाभाविकपणें वाहते, त्यांपैकीं सर्वांत जाड दोरा घ्यावा. 'सर्वांत बारीक' हा सल्ला म्हणून उलटा धरून चालावें. उन्हाळ्याच्या आरंभीं बर्फ वितळून लिद्दरसारखी नदी भरून वाहते; तिच्या धांवत्या, फेंसाळ पाण्यांत माशाला विचार करण्यास वेळ नसतो. तेथें ३ एक्स किंवा ४ एक्स निःशंकपणें वापरावा. पावसाळ्यानंतर पाणी उतरून निवळलें, कीं ५ एक्स. झऱ्याचें संथ, कांचेसारखें पाणी आणि अगदीं चिमुकली माशी असेल, तेव्हांच ६ एक्सचा विचार करावा, आणि तोही ज्याचा हात बसलेला आहे त्यानें. माशीच्या आकारावरूनही अंदाज बांधतां येतो. गळाच्या अंकास ३ नें भागावें, म्हणजे एक्सचा अंक जवळपास मिळतो. १२ अंकाच्या गळास ४ एक्स, १६ अंकाच्या गळास ५ एक्स, १८ अंकाच्या गळास ६ एक्स. मोठ्या गळास फार बारीक दोरा लाविला तर फेंकतांना तो पिळवटतो आणि गांठीशीं कमजोर होतो.

आतां द्रव्याचा प्रश्न. आज बाजारांत दोन द्रव्यें मुख्य आहेत. एक नायलॉन, दुसरें फ्लोरोकार्बन, ज्याचा गळाचा दोरा जपानांतील कुरेहा कंपनीनें १९७१ सालीं काढला. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, आणि नायलॉनचा १.५ हून थोडा अधिक. दोन पदार्थांचे हे अंक जितके जवळ, तितका एक दुसऱ्यांत कमी दिसतो. म्हणून फ्लोरोकार्बन पाण्यांत अधिक लपतें हें खरें. परंतु तें पाण्याच्या पावणेदोनपटीहून थोडें जड आहे आणि चटकन् बुडतें. तरंगत्या माशीस तें खालीं ओढील. बुडत्या माशीस तें उपकारक. नायलॉन पाण्याहून थोडेंच जड, मऊ, गांठीस सोयीचें आणि स्वस्त. म्हणून पाण्यावरच्या माशीस नायलॉन आणि पाण्याखालच्या माशीस फ्लोरोकार्बन, एवढें ध्यानांत ठेवावें. नायलॉन पाणी शोषून थोडें नरम पडतें आणि उन्हानें हळूहळू जीर्ण होतें. यास्तव गेल्या वर्षींचें, खिडकींत पडून राहिलेलें रीळ कितीही भरलेलें असलें तरी टाकून द्यावें. रीळ विकत घेतांना नांवापेक्षां मिलिमीटरमधील जाडी वाचावी.

कोणाला ही दोरी फेंकण्याची विद्या साधत नाहीं, आणि ते चकचकीत धातूचा चमचा किंवा तत्सम बनावटी मासोळी वजनासकट फेंकून ट्राउट धरतात. त्यांना जाड दोरीचें कारण नाहीं. पाऊण-पाव शेराच्या माशांस दोन-अडीच किलो ताण सोसणारा एकेरी नायलॉनचा दोरा पुरतो. विणलेला, अपारदर्शक दोरा त्याच जाडींत कितीतरी बळकट असतो खरा, पण तो स्वच्छ पाण्यांत उघडा दिसतो आणि त्यास ताणण्याची लवचिकता नसते. तो वापरावयाचाच असेल, तर पुढें चार-पांच फूट नायलॉन जोडावें. अमुक नदीच्या अमुक टप्प्यांत कोणत्या साधनानें मासे धरावे, याचे नियम त्या त्या प्रांतांचें मत्स्यखातें ठरवितें आणि त्यासाठीं परवाना काढावा लागतो. तो आधीं काढावा.

दोरा कितीही विचारानें निवडला तरी गांठ कच्ची असेल तर सारें व्यर्थ. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी गांठ आवळतांना घर्षणानें तापते आणि तेथेंच नायलॉन दुबळें होतें. फेंकतां फेंकतां दोऱ्यावर आपोआप एखादी साधी गांठ पडते. ती दिसतांच तेवढा तुकडा कापून काढावा, कारण त्या ठिकाणीं दोऱ्याचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें. दर पांच-दहा मिनिटांनीं शेवटचा हातभर दोरा बोटांच्या चिमटींतून फिरवावा. दगडाला घांसून खरखरीत झाला असेल तर बदलावा. रिळाचा रोध दोऱ्याच्या बळाच्या पाव ते तृतीयांश एवढाच ठेवावा, म्हणजे माशानें एकदम धांव घेतली तर रीळ सुटतें आणि दोरा वांचतो. मासा जवळ आल्यावर दोऱ्यानें उचलूं नये, कारण पाण्याबाहेर येतांच त्याचें सारें वजन त्या केंसावर पडतें. हातजाळें खालीं धरून त्यांत घ्यावा.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती केवळ मासे धरणाऱ्यांसाठीं नाहीं. कापून टाकलेला नायलॉनचा तुकडा कुजत नाहीं. जुना घोड्याचा केंस किंवा किड्याचा तंतु नदीकांठीं पडला तर मातींत मिळून जाई. नायलॉन वर्षानुवर्षें तसेंच राहतें, आणि चारा टिपणाऱ्या पाखरांच्या पायांस, चोंचीस व पंखांस त्याचा वेढा बसतो. आपल्या घरच्या मुलांना हें समजावण्यास नदीवर जावयास नको. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजानें पक्ष्यांचे पंख आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे गळे कापल्याच्या वार्ता आपण वाचतों. याच कारणास्तव राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं अशा मांजावर देशभर बंदी घातली. गळाचा टिपेट आणि तो मांजा हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. ज्या गुणासाठीं आपण तो विकत घेतों, म्हणजे बारीक, बळकट आणि न दिसणारा, त्याच गुणामुळें टाकून दिल्यावर तो घातक होतो. म्हणून खिशांत एक लहानशी डबी ठेवावी, कापलेला प्रत्येक तुकडा, बोटभर कां असेना, तींत घालावा आणि घरीं परत आणावा.

सारांश, मुख्य दोरी काठीच्या अंकाशीं जुळवून घ्यावी आणि तिच्याविषयीं निश्चिंत असावें. मन लावावें तें शेवटच्या दोन हात दोऱ्यावर. तो बांधण्यापूर्वीं पाण्याकडे पाहावें, माशीच्या आकाराकडे पाहावें, आणि स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या पाण्यांतला सर्वांत मोठा मासा जर या घटकेस लागला, तर या दोऱ्यानें मी त्याला थोड्या वेळांत, गळ आंत न तुटतां, हातीं आणूं शकेन काय? उत्तर 'होय' आलें तर दोरा बरोबर आहे. उत्तर अडखळत आलें, तर एक अंक खालीं उतरून जाड दोरा घ्यावा, आणि त्यामुळें दिवसाकाठीं दोन मासे कमी मिळाले तरी तो तोटा मानूं नये.